विष हलवायचं की पचवायचं?

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. आमच्या गटाच्या बुधवारच्या बैठकीत एका तरुण मैत्रिणीने वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. भोपाळच्या युनियन कार्बाईड कारखान्यात वर्षानुवर्षं पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरच्या भट्टीत जाळून संपला होता. "चला, सुटलं एकदाचं भोपाळ!" ती म्हणाली. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही उठले नाहीत.

त्याला कारण आहे. हाच कचरा २०११ साली आमच्या दारात यायचा होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो नागपूरजवळ, संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळावा असा आदेश दिला होता. नागपुरात खळबळ उडाली. पर्यावरणवाले, राजकीय पक्ष, डॉक्टर, सगळेच विरोधात. महाराष्ट्र सरकारनेही नकार दिला. आम्ही काहीजणी घरून पुठ्ठ्यावर घोषणा रंगवून नेल्या होत्या. माझ्या पाटीवर लिहिलं होतं, 'भोपाळचं विष नागपुरात नको', आणि खाली काळ्या रंगात कवटी काढली होती. कचरा आला नाही. आम्ही जिंकलो असं आम्हाला वाटलं, आणि त्याचा आनंदही झाला.

आमच्या आधी तो गुजरातेत अंकलेश्वरला जायचा होता, तिथल्या सरकारने २००७ साली हात वर केले. आमच्यानंतर २०१२ मध्ये तो विमानाने जर्मनीला, हॅम्बुर्गला नेण्याची बोलणी झाली. तिथेही विरोध झाला आणि बेत बारगळला. उरलं पीथमपूर. २०२५ च्या जानेवारीत, वर्ष उजाडता उजाडता, पोलीस बंदोबस्तात बारा कंटेनर तिकडे गेले. लगेच गाव रस्त्यावर आलं, दोन माणसांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. टीव्हीवर तिथल्या बायकांच्या हातातल्या पाट्या पाहिल्या आणि मी चपापले. शब्द आमचेच होते. फक्त गावाचं नाव बदललं होतं.

वाड्यात राहिलेल्या मैत्रिणींना हा प्रकार ओळखीचा वाटेल. सकाळी एकीने आपलं अंगण झाडायचं आणि केर दुसरीच्या उंबऱ्याशी लोटायचा. भांडण रोज व्हायचं, केर मात्र वाड्यातच राहायचा. आणि जळला म्हणजे तरी काय झालं? पारा, शिसं हे धातू जळत नाहीत. ते धुराड्यातून वर जातात किंवा राखेत उरतात. चुना वगैरे मिसळून जाळल्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरली. तिचं काय करायचं यावरून पुन्हा न्यायालयात वाद गेला.

पण मला लिहायचं आहे ते राखेबद्दल नाही, मातीबद्दल. २०११ साली आमच्यापैकी एकीनेही तिच्याबद्दल विचारलं नव्हतं.

३३७ टन या आकड्याशेजारी दुसरा आकडा लिहून ठेवा: ११ लाख टन. नागपूरच्याच 'नीरी'ने आणि हैदराबादच्या भूभौतिकी संशोधन संस्थेने २०१० साली केलेल्या पाहणीत कारखान्याच्या आवारातली आणि भोवतालची दूषित माती एवढी भरली होती. जाळलेला कचरा या मातीच्या तीन हजाराव्या हिश्श्याएवढाही नाही. टाळ्या वाजल्या त्या एवढ्याशासाठी. आणि तेवढ्यालाही केंद्र सरकारने, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून, १२६ कोटी रुपये मोजले.

भोपाळ म्हटलं की आपल्याला २ डिसेंबर १९८४ ची ती रात्र आठवते. मातीची गोष्ट त्याच्या आधीची आहे. कारखाना १९६९ पासून चालू होता. 'सेविन' नावाची कीटकनाशक भुकटी तिथे बनायची, कपाशीवर मारायला. आम्हा विदर्भातल्या बायकांना कपाशीवरच्या भुकट्या काही नव्या नाहीत. ती बनवताना निघणारा गाळ, फसलेल्या खेपा, सांडलेली द्रावणं आवारातल्या खड्ड्यांत जात. १९७७ पासून बाहेर तळी खणून त्यांत सांडपाणी सोडायला लागले, उन्हाने आटेल म्हणून. तळ्यांचं अस्तर गळायला लागलं आणि १९८२ सालच्या कंपनीच्या आतल्या निरोपांतच त्याची नोंद आहे. म्हणजे वायू सुटला नसता तरी विष मुरतच होतं. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, विष खाली उतरत हँडपंपाच्या पाण्यात आलं. आणि हँडपंपावर कोण असतं हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली १४ वस्त्यांना नळाचं स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं. पुढे २०१८ मध्ये लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा दूषित पाण्याच्या वस्त्या ४२ निघाल्या. माती तिथेच ठेवून नळ दिले, तर दुसरं काय होणार?

बायकांच्या शरीराची दखल भोपाळमध्ये पहिल्यापासूनच कमी घेतली गेली. १९८५ मध्ये राणी बंग आणि मीरा सदगोपाल यांनी वस्त्यांत जाऊन बायकांची तपासणी केली. अंगावरून जाणं, पाळीचे त्रास, ओटीपोटाची सूज यांची जणू साथच पसरली आहे असं त्यांनी लिहिलं. तेव्हा नोंदी भरत होत्या त्या डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या. बायकांची दुखणी 'गरीब बायकांना हे असतंच' म्हणून बाजूला पडली. मग २००२ साली एका सत्यशोधन पथकाने वस्त्यांमधली माती, पाणी, भाज्या आणि बाळंतिणींचं दूध तपासायला दिलं. दुधात पारा, शिसं आणि क्लोरीन असलेली कीटकनाशक वर्गातली द्रव्यं सापडली.

हे वाचून कुणी आपल्या वस्तीतल्या बाळंतिणीला अंगावर पाजू नको असं सांगू नये. एवढं ऐकूनही आईचं दूध हाच तान्ह्यासाठी बरा पर्याय आहे, असंच डॉक्टर सांगतात. मला सांगायचं आहे ते वेगळं. ही क्लोरीनवाली द्रव्यं चरबीत साठून राहतात, शरीराला ती सहजी बाहेर टाकता येत नाहीत. बाईच्या शरीरातून ती मोठ्या प्रमाणात बाहेर पडण्याची एक वाट म्हणजे दूध. आईच्या अंगातला साठा पाजता पाजता कमी होतो आणि बाळाच्या अंगात जातो. सजीवांकडून माती शुद्ध करून घेण्याचं एक शास्त्र आहे, त्याकडे मी आता येणारच आहे. पण भोपाळमध्ये हे काम चाळीस वर्षं चालूच आहे. माती शोषून घेणारे ते सजीव म्हणजे तिथल्या बायका आणि त्यांची पोरं. त्यांना कुणी त्याचं कंत्राट दिलं नव्हतं.

आता त्या शास्त्राविषयी. इंग्रजीतला शब्द बायोरेमेडिएशन, आपण जैविक शुद्धीकरण म्हणू. कल्पना आपल्या ओळखीची आहे. खताच्या खड्ड्यात काय होतं? भाजीची देठं, शेण, पालापाचोळा घालतो, ओल ठेवतो, अधूनमधून वरखाली करतो म्हणजे आत हवा जाते. काम आपण करत नाही, मातीतले जंतू आणि बुरशी करतात. आपण त्यांचं जेवणखाण आणि हवापाणी सांभाळतो. दूषित मातीचंही असंच करता येतं. माती उकरून ढीग लावायचे, शेणखत किंवा नत्र-स्फुरद घालायचं, ओल राखायची, उलथापालथ करायची आणि दर थोड्या दिवसांनी नमुना तपासायचा. ज्या द्रव्यांत कार्बन आहे, त्यांतली बरीचशी कुठल्या ना कुठल्या जंतूचं अन्न होऊ शकतात.

१९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डेझ या जहाजातून प्रचंड तेल सांडलं. तेव्हा काही किनाऱ्यांवर बाहेरून जंतू आणून सोडण्यापेक्षा तिथल्याच जंतूंना खत घालून कामाला लावलं गेलं आणि तेल लवकर कमी झालं. मला ही गोष्ट फार आवडते. बाहेरच्या तज्ज्ञाने येऊन उद्धार करण्यापेक्षा गावातल्यांनाच बळ द्यावं, हे आपण शिबिरांतून इतकी वर्षं सांगतो आहोतच की!

भोपाळच्या विषांपुरतं बोलायचं तर सेविनमधलं कार्बारिल खाऊन जगणारे जंतू आपल्याच देशातल्या मातीत सापडले आहेत, मुंबईच्या आय. आय. टी. मधल्या प्रयोगशाळेत त्यांच्यावर बरंच काम झालं आहे. लिंडेनच्या जातीची जी क्लोरीनवाली द्रव्यं भोपाळच्या मातीत आहेत, ती मोडणाऱ्या जंतूंवर दिल्ली विद्यापीठात काम झालं. लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी तर अशा चिवट रसायनांना भिडते की शास्त्रज्ञ १९८५ पासून तिच्या मागे लागले आहेत. म्हणजे आपल्याकडे ज्ञान नाही, असं म्हणता येणार नाही.

पण इथे सावध राहायला हवं. हल्ली 'जैविक' हा शब्द हळदी-कुंकवासारखा कशावरही वाहतात. शेण शिंपडलं की माती पवित्र झाली, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं काही नसतं. कार्बारिल मोडलं की आधी नॅफ्थॉल बनतं, आणि तेही विषारीच. काम अर्ध्यावर सोडलं तर एका विषाचं दुसरं विष करून ठेवल्यासारखं होतं. लिंडेनच्या भाऊबंदांपैकी एक जात इतकी चिवट आहे की बाकीच्या संपल्या तरी ती उरते. एखादा कंत्राटदार सोप्या जातीचे आकडे दाखवून 'नव्वद टक्के शुद्ध' म्हणेल आणि उरलेले दहा टक्के नेमके तेच असतील जे दुधात उतरतात.

धातूंचं तर जंतूंना काहीच करता येत नाही. शिसं मोडून दुसरं काही होत नाही, ते शिसंच राहतं. काही जंतू पाऱ्याची वाफ करतात, पण मग तो हवेत जातो, म्हणजे पुन्हा दुसऱ्याचं अंगण. धातूंसाठी झाडं वापरतात. नेच्याची एक जात मातीतला अर्सेनिक पानांत इतका साठवते की २००१ मध्ये ते कळल्यावर जगभर कुतूहल झालं. आपली राई, फोडणीतली, काही धातू शोषून घेते. ऐकायला किती छान वाटतं: विषारी जमिनीवर पिवळं शेत! पण मला त्या शेतात पहिल्यांदा दिसते ती पाला खुडायला आलेली बाई. राईचा पाला म्हणजे भाजी. भोपाळच्या कारखान्याच्या भिंतीला जागोजागी भगदाडं आहेत. तिथून बायका सरपणाला आत जात, पोरं खेळायला, गुरं चरायला. धातू शोषलेली राई म्हणजे हिरवं विष. ती वेळेवर कापून, वाळवून, कुलपात ठेवावी लागते. कुंपण कोण घालणार, राखण कोण करणार, बाईला आणि तिच्या शेळीला दुसरीकडे पाला कोण देणार, हे त्या शोधनिबंधांत नसतं.

आणि कधी कधी झाडं नुसती चालतच नाहीत. २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाल्यावर लोकांनी मोठ्या आशेने सूर्यफुलं लावली. माती किरणोत्सर्गमुक्त होईल म्हणून दूरदूरहून बिया पाठवल्या गेल्या. त्याच वर्षी सरकारच्या शेती खात्याने मोजून सांगितलं, फुलांनी मातीतल्या सीझियमचा दोन हजारावा हिस्सा उचलला. वरची थोडी माती खरवडून काढणं कितीतरी जास्त उपयोगी ठरलं. सूर्यफुलं सुंदर दिसत होती, एवढं खरं. पण त्यांनी मोजलं आणि निकाल मनाविरुद्ध असूनही जाहीर केला. आपल्याकडे मोजायचं कुणी, हाच तर प्रश्न आहे.

जंतूंच्या मालकीचाही एक धडा आहे. आनंद मोहन चक्रवर्ती हे आपले बंगाली शास्त्रज्ञ. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना त्यांनी तेल खाणारा जंतू तयार केला. १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की या जिवंत जंतूवर पेटंट देता येईल. जिवंत वस्तूच्या मालकीची मोठी वाट तिथून उघडली आणि पुढे ती बियाण्यापर्यंत आली. म्हणून भोपाळला कुणी 'आमचा खास जंतू' घेऊन आलं, तर पहिला प्रश्न विचारायचा: तो कुणाच्या मालकीचा आहे, आणि दर वर्षी विकत घ्यावा लागणार का? मातीतलाच जंतू चालत असेल तर त्याला खाऊ घालणं बरं.

एवढ्या शंका असतानाही माझं मत असं आहे की भोपाळच्या मातीवर जे काही करायचं ते तिथेच, जागेवर, व्हायला हवं. जंतूंनी जेवढं होईल तेवढं जंतूंनी, झाडांनी जेवढं होईल तेवढं झाडांनी, आणि उरलेली धातूवाली माती धुऊन किंवा पक्क्या बंदोबस्तात कोंडून. अकरा लाख टन माती मालमोटारींत भरून कुठे नेणार? कुठल्या पीथमपूरला? जागेवर काम करण्यात एक मोठी गोष्ट अशी की दोष लपत नाही. ढीग डोळ्यांसमोर असतो. वस्तीतल्या बायका तो रोज बघू शकतात.

बघणाऱ्या त्याच हव्यात. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना २००४ साली गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि त्या पैशातून त्यांनी अपंग मुलांसाठी 'चिंगारी'चं काम उभं केलं. भोपाळच्या बायका संघटना चालवतात, दिल्लीपर्यंत चालत जातात, न्यायालयात उभ्या राहतात. त्यांच्यातल्या वीस-पंचवीस जणींना मातीचा नमुना कसा घ्यायचा, बाटली कशी सील करायची, अहवाल कसा वाचायचा हे शिकवायला काही महिने पुरेत. नमुन्याचे दोन भाग, एक सरकारी प्रयोगशाळेकडे आणि एक बायकांनी निवडलेल्या प्रयोगशाळेकडे. शुद्ध झालं हे कुणी ठरवायचं? माझ्या मते, दुधात काय आहे हे पुन्हा तपासल्याशिवाय कुणीच ठरवू नये. अर्थात बायकांच्या संमतीने, आणि निकाल आधी त्यांच्या हातात. २००२ साली एकदा पाहून झालं, तेवढ्यावर थांबून चालणार नाही.

खर्च कंपनीने द्यायचा. कार्बाईड २००१ मध्ये डाऊ केमिकलने विकत घेतली आणि जबाबदारी आपली नाही असं डाऊ म्हणत आली आहे. १९८९ ची तडजोड वायुकांडाच्या नुकसानभरपाईची होती, मातीची नव्हे. २०२३ साली वाढीव भरपाईचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तरी मातीचा प्रश्न त्याने मिटत नाही. याच न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावच्या प्रकरणात रसायन कारखान्यांना सुनावलं होतं की घाण ज्याने केली, माती आणि विहिरी सुधारण्याचा खर्च त्याचा. बिछडीत चालतं ते भोपाळमध्ये का चालू नये, हे एकदा कुणीतरी नीट समजावून सांगावं. कारखान्याच्या जागी स्मारक करण्याचं बोलणं वीस वर्षं चालू आहे. मातीवर फरशी घालून वर स्मारक उभारलं तर ते नेमकं कशाचं स्मारक होईल?

हे सगळं मी बैठकीत बोलले तेव्हा आमच्यातलीच एक जुनी कार्यकर्ती, भोपाळला अनेकदा जाऊन आलेली, चिडली. "तू इथे बसून जंतूंच्या गोष्टी सांग! तिथल्या बाईने चाळीस वर्षं वाट पाहिली, आता जंतू जेवतील म्हणून आणखी दहा वर्षं थांबायचं?" तिचं खरं आहे. जंतूंना वेळ लागतो, थंडीत ते मंदावतात, चिकट काळ्या मातीत हवा जात नाही म्हणून आणखी मंदावतात. मला एकच उत्तर सुचलं: हळू चालणारं काम कालपर्यंत सुरूच झालं नाही, म्हणून ते हळू आहे. आणि तोवर नळाचं पाणी, दवाखाना, पेन्शन यांतलं काहीही 'माती शुद्ध होते आहे' या सबबीखाली थांबता कामा नये. हे ती मान्य करते की नाही, मला अजून कळलेलं नाही. दोन आठवडे ती बैठकीला आली नाही, तिसऱ्या बुधवारी आली.

त्या दिवशी आम्ही पीथमपूरच्या आणि भोपाळच्या बायकांना पत्र लिहायचं ठरवलं. ज्या तरुण मैत्रिणीने बातमी वाचली होती तीच लिहायला बसली. सुरुवात कशी करायची यावर तास गेला. शेवटी चिडलेल्या कार्यकर्तीनेच पहिलं वाक्य सांगितलं आणि सगळ्यांनी ते तसंच ठेवलं: '२०११ साली आम्ही आमच्या गावात नको म्हणालो, आणि पुढे ते कुठे जाणार हे विचारलं नाही.'